आभारात छापलेलं नाव

राणीसावरगाव
२ डिसेंबर २०२४

ती. त्रिवेणीआत्यास,
ऋतुजाचा शरणार्थ.

‘पंधरा वर्षं शाळा-कॉलेज केलंस, तर दारू कशी सुटती हे एका बी पुस्तकात नव्हतं का गं?’ काल भाकरी थापता थापता आईनं मला विचारलं. तो टोमणा नव्हता. तिला खरंच वाटत होतं की कुठंतरी लिहिलेलं असेल आणि मी सांगायची विसरले असेन. आत्या, मी तव्यावरची भाकरी उलटत राहिले.

तू म्हणालीस म्हणून पत्रच लिहिते आहे. तुमच्या घरी फोन एकच, तोही कल्याणमामांच्या खिशात, आणि कुणाचाही आला की स्पीकरवर. मागच्या वेळी मी नुसतं ‘अप्पा’ म्हणाले, तर मागून तुझ्या सासूबाई म्हणाल्या, ‘पडला का कुठं?’

पडले नाहीत. तुझा भाऊ सकाळी सहाला दुकान उघडतो, तराजू पुसतो, गिऱ्हाइकाशी गोड बोलतो. दिवस मावळला की शटर अर्धं खाली येतं. पूर्वी ते पिण्याआधी गळ्यातलं इष्टलिंग काढून देवघरातल्या खिळ्याला अडकवायचे आणि सकाळी आंघोळ करून परत घालायचे. दिवाळीपासून लिंग खिळ्यावरच आहे. आई रोज त्याला भस्म लावते, बेल वाहते. पाहुणे आले की देवघराचा पडदा ओढते.

आईनं एका बाबाकडून पुडी आणून चहात घातली होती. अप्पा म्हणाले, ‘साखर बदलली का?’ आणि दुसरा कप मागितला. मग श्रावणात महादेवाच्या पिंडीवर हात ठेवून शपथ झाली. ती अकरा दिवस टिकली.

कॉलेजच्या शिबिरात एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की दारू सोडलेली माणसं आठवड्यातून एकदा एकत्र बसतात आणि एकमेकांशी बोलतात. औषध नाही, फी नाही. अशी माणसं आपल्या बाजूला कुठं बसतात ते मी शोधणार आहे. तुला कुणी माहीत आहे का?

तुझी
ऋतुजा


वालूर
११ डिसेंबर

चि. ऋतुजास अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. देवळात बसून वाचलं, दोनदा. पोस्टमनला सांगून ठेवलंय, माझं पत्र माझ्याच हातात दे, नाहीतर तुझी दिवाळी बंद.

शिवा असा नव्हता गं. लहानपणी गुरवाच्या घरून बेल आणायला जायचा अन् येताना वाटंत एक एक पान मोजत यायचा, देवाला कमी नको म्हणून. आता त्याचंच लिंग खिळ्याला. तरी पण पोरी, गावात बोभाटा करू नको. माहेरची झाकली मूठ हाय, ती झाकलेलीच बरी. सासरी मला आधीच ऐकावं लागतं, ‘तुमच्या भावाचं दुकान किती वाजता बंद हुतं?’

आमच्याकडं सगळं ठीक हाय. आमचे मालक, म्हंजे तुझे मामा, कापडदुकान बघतेत. तब्येत जरा उतरली हाय, पण वय झालं की उतरतीच.

माझ्या माहितीत तसलं कुणी न्हाई. पण तुला ठिकाण सापडलं तर दिवस, वेळ, खोली, सगळं नीट लिहून कळव. आमच्या शेजारणीला पायजे. तिचा नवरा लय पितो. बिचारी कुणाला सांगू बी शकत न्हाई.

तुझी आत्या
त्रिवेणी


राणीसावरगाव
२० जानेवारी २०२५, दिवस पहिला

ती. आत्यास शरणार्थ.

सापडलं! पण कुठं सापडलं ते ऐक.

महिनाभर मी गंगाखेडला खेटे घातले. दवाखान्यात नर्सबाई म्हणाल्या, परभणीला विचारा. वाचनालयात विचारलं तर त्यांनी व्यसनमुक्तीवरचं पुस्तक दिलं, त्यात सगळी भाषणं. शेवटी स्टँडवर चहा विकणाऱ्या बायनाबाईंना विचारलं. त्या खो खो हसल्या. ‘अगं पोरी, त्यो कागद बापयांच्या मुतारीत लावलाय. तुला जन्मात दिसला असता का?’ मग हातात खराटा घेऊन, जणू झाडायलाच निघाल्या अशा थाटात, त्या स्वतः आत गेल्या आणि तळहातावर नंबर लिहून आल्या. ‘घे. बी.ए. झालीस, पण मुतारी वाचली न्हाईस.’

मी फोन लावला. पलीकडून एक माणूस म्हणाला, ‘बोला ताई. कुणासाठी?’ मी कोण, कुठली, काही विचारलं नाही. रविवारी पाच वाजता, गंगाखेडच्या एका शाळेतली मागची खोली.

अप्पांना सांगायला दोन दिवस लागले. दुकानात कुणी नव्हतं तेव्हा मी म्हणाले, ‘अप्पा, मला एक नंबर मिळालाय.’ नंबर उतरवून घेतलेला कागद उघडून मी पहिले चार आकडे वाचले आणि पुढचे सहा अप्पांनी म्हणून दाखवले. माझ्याकडं न बघता, साखरेचं पोतं शिवत. म्हणाले, ‘चार वर्षं झाली वाचतोय. पाठ झालाय.’

आत्या, चार वर्षं. दर बाजारच्या दिवशी, गंगाखेडच्या स्टँडवर. मी त्यांना म्हटलं, मग फोन का नाही केला? ते म्हणाले, ‘तितं गेल्यावर काय म्हणून सांगायचं? शिवकांतअप्पा किराणावाले?’

काल आम्ही तीनच्या बसनं गेलो. उसाच्या ट्रॅक्टरांमुळं बस रांगत होती आणि मला सारखी भीती वाटत होती की अप्पा मधेच उतरतील. खोलीशी एक माणूस उभा होता, उंच, बंडीवर उसाची चिपाडं चिकटलेली. म्हणाला, ‘मी मुंजाजी. तुमी?’ अप्पा म्हणाले, ‘शिवकांत.’ ‘बस झालं. येवढंच लागतंय हितं,’ असं म्हणून त्यांनी अप्पांना आत घेतलं. मला बाहेर पायरीवर बसायला सांगितलं. आत आडनाव नाही, गाव नाही, आणि आत जे बोललं जातं ते बाहेर येत नाही, असा नियम आहे.

मी तासभर पायरीवर बसले. मला वाटलं होतं रडण्याचा आवाज येईल. आतली माणसं हसत होती.

घरी आल्यावर अप्पा म्हणाले, ‘पुढच्या रविवारी तू नको येऊ. मी जातो.’ आज दिवसभरात प्यायले नाहीत. मी कॅलेंडरवर पहिला गोल काढला आहे.

तुझ्या शेजारणीला सांग: रविवार, पाच वाजता. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. वालूरहून लांब पडेल, पण परभणीपर्यंत बस आणि पुढं रेल्वे मिळते.

ऋतुजा


वालूर
१४ फेब्रुवारी

चि. ऋतुजास आशीर्वाद.

तुझं पत्र पदराच्या गाठीला बांधून फिरायले मी. शिवाला माझ्याकडून काही बोलू नको. नुसतं त्याला गुळाची पोळी करून घाल.

शेजारणीला पत्ता दिला. तिचे लय सवाल हायत, तुला ठावं असलं तर लिही. तितं वहीत नाव लिहून घेतेत का? सही करावी लागती का? वालूरचं, सेलूचं कुणी येतं का? तिचा नवरा म्हणतो, ‘ओळखीचं एक तोंड दिसलं तरी मी उलट्या पावली माघारी येईन.’ इज्जतदार माणूस हाय, दुकानदार. दिवसा कुणाला वास बी येत न्हाई. सकाळी हात कापतेत म्हणून कातर दुसऱ्याच्या हातात देतो.

ती म्हणती, त्याला गंगाखेडच बरं. परभणीला सगळे सोयरे हायत.

मामांचं बरं हाय. पाय थोडे सुजलेत.

आत्या


राणीसावरगाव
२५ मार्च, दिवस पासष्टावा

ती. आत्यास शरणार्थ.

शेजारणीला सांग: वही नाही, सही नाही. वालूर-सेलूचं कुणी नाही, मी अप्पांना मुद्दाम विचारलं. तिच्या नवऱ्यानं बिनघोर यावं. मी जबाबदारी घेते.

आता खरी बातमी. सोमवारी सकाळी आई पूजेला बसली आणि ओरडली. खिळा मोकळा होता. लिंग चोरीला गेलं असं समजून ती बाहेर आली, तर अप्पा ओल्या अंगानं उभे, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. म्हणाले, ‘काय झालं ओरडायला?’ आईनं रागानं सुपातले तांदूळ इतक्या जोरात पाखडले की निम्मे अंगणात गेले.

अप्पा आता माझ्याशी बोलतात. रविवारच्या रात्री जेवताना थोडं थोडं सांगतात, नियम मोडतोय असं म्हणत म्हणत. मुंजाजी नऊ वर्षांपासून कोरडा आहे. तो गोदावरीकाठच्या एका गावचा, कारखान्याला ऊस वाहतो. अप्पांना ओढ लागली की त्यालाच फोन करतात. एकदा तर त्यानं भरलेला ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला लावून अर्धा तास फोनवर अप्पांना आपल्या म्हशीच्या गोष्टी सांगितल्या. ‘म्हस विकली तरी माझी ओढ जाईना, मग ध्यानात आलं, ओढ म्हशीची नव्हती,’ असं काहीतरी. हे सांगताना अप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आत्या, मी त्यांना असं हसताना शाळेत असताना पाहिलं होतं.

माझ्या मनात एक आहे. एकोणतीस एप्रिलला शंभर दिवस पूर्ण होतात आणि तीस तारखेला बसव जयंती. दरवर्षी मंदिरासमोर दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार होतात. या वर्षी अप्पांचा सत्कार व्हावा. शाल, श्रीफळ, एक मोठा फ्लेक्स. ज्या गावानं त्यांना गटाराजवळ बसलेलं पाहिलं, त्या गावानं त्यांना स्टेजवर पाहावं. बाकी माणसांनाही धीर येईल. आणि फ्लेक्सवर मुंजाजीकाकांचे जाहीर आभार मानायचे. ज्या माणसानं माझा बाप परत दिला त्याचं नाव कुठंच नसावं, हे मला पटत नाही. त्यांचं आडनाव आणि गाव मी उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना विचारून शोधून काढलं आहे.

अप्पांना आधी सांगणार नाही. तुला काय वाटतं?

ऋतुजा


वालूर
४ एप्रिल

चि. ऋतुजास आशीर्वाद.

कर. नक्की कर. झाकल्या मुठीचं मीच म्हणले होते, पण आता मुठीत दारू न्हाई, देव हाय. आता उघडायला काय हरकत? फोटो तुझ्या मामांच्या फोनवर पाठव. सासूबाईंना दाखवते, म्हणते, घ्या, बघा माझा भाऊ.

अन् शेजारणीचा नवरा तयार झालाय! सत्तावीसला यायचं ठरलं होतं, पण त्या दिवशी घरातलं लगीन हाय. म्हणून चार मे. बस, रेल्वे, सगळं विचारून झालं. शिवाचा फोटो त्याला दाखवला म्हंजे त्याला अजून हिंमत येईल. ती बाई चार दिवसांपासून झोपली न्हाई आनंदानं.

आत्या


राणीसावरगाव
१ मे, दिवस एकशे दोन

ती. आत्यास शरणार्थ.

फोटो पोहोचला असेलच. दहा बाय सहाचा फ्लेक्स, वर महात्मा बसवेश्वर, मध्ये अप्पा. मजकूर माझाच: ‘व्यसनावर विजयाचे शंभर दिवस.’ खाली आभार, मुंजाजीकाकांचं पूर्ण नाव, गाव, ‘स्वतः नऊ वर्षे दारूमुक्त’, आणि गंगाखेडच्या शाळेचं नाव, रविवारची वेळ. कुणाला गरज असेल तर सापडावं म्हणून. मला महिनाभर जे मुतारीच्या भिंतीवर दिसलं नव्हतं, ते मी चौकात लावलं.

अप्पांना वाटलं होतं माझा सत्कार आहे, पदवीचा. नवीन धोतर नेसून, पुढच्या रांगेत बसले होते. निवेदन करणारे सर म्हणाले, ‘शिवकांतअप्पा किती प्यायचे हे आपल्याला काय वेगळं सांगायला पाहिजे?’ सगळे हसले, पण प्रेमानं. मग टाळ्या. अप्पांना दोन शब्द बोलायला सांगितलं तर ते नुसते हात जोडून उभे राहिले. फ्लेक्सकडं बघत होते, अगदी खालच्या ओळीपर्यंत वाचत होते. मग खाली उतरले.

रात्री जेवले नाहीत. मन भरून आलं असेल. शाल दुकानात शेंगदाण्याच्या पोत्यावर घडी करून ठेवली आहे. मी फोटो स्टेटसला ठेवला, दोनशे जणांनी पाहिला, कॉलेजच्या बाईंनीही.

आई म्हणाली, ‘मला कळंना, त्ये खूश हायत का.’ मी म्हणाले, अगं, पुरुष असेच असतात.

चार तारखेला शेजारणीच्या नवऱ्याला अप्पा स्टँडवर घ्यायला जातील. त्यांना सांगून ठेवते.

तुझी
ऋतुजा


वालूर
२५ मे

चि. ऋतुजास आशीर्वाद.

फोटो आला होता. शेजारीण आता येणार न्हाई म्हणती. का, ते विचारू नको.

शिवा बरा हाय ना? तुझं पत्र न्हाई.

मामांना जरा बरं न्हाई, परभणीच्या डॉक्टरला दाखवलं. कावीळ हाय म्हणतेत.

आत्या


राणीसावरगाव
१२ जून

ती. आत्यास शरणार्थ.

तारखेपुढं आकडा नाही, त्यावरून तुला कळलं असेल.

पत्र लिहायला पंधरा वेळा बसले. आता जसं झालं तसं सांगते.

चार मेला अप्पा तीनच्या बसनं गेले. खोलीत मुंजाजीकाका एकटेच आधी येऊन बसले होते. त्यांच्या मुलीची सोयरीक ठरली होती, राजेश्री नाव तिचं. फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत मुलाकडच्यांच्या फोनवर गेला. त्यांना मुंजाजीकाका कधीकाळी प्यायचे हे माहीत नव्हतं. ‘दारुड्याच्या घरची पोर नको’ म्हणून निरोप आला. नऊ वर्षं कोरडा माणूस, आत्या. मी मोठ्या अक्षरांत छापलं होतं, नऊ वर्षं. त्यांनी फक्त ‘दारू’ वाचलं.

मुंजाजीकाकांनी अप्पांना हे शांतपणे सांगितलं आणि चहाचा कप पुढं केला. अप्पांनी तो घेतला नाही आणि तसेच बाहेर पडले.

मला हे सगळं रात्री कळलं, ते पिऊन आल्यावर. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओसरीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘ते नाव मी तुला दिलं होतं, ऋतू. लेक म्हणून. गावाला न्हाई दिलं.’

मी म्हणाले, ‘अप्पा, मला चांगलंच करायचं होतं.’

‘व्हय. सगळ्यांना चांगलंच करायचं असतंय.’ मग म्हणाले, ‘त्या खोलीत मी नुसता शिवकांत होतो. शंभर दिवस. लय हलकं वाटायचं. तू मला पुन्हा शिवकांतअप्पा किराणावाले केलंस.’

त्यानंतर दर रविवारी दुपारी मी त्यांना हलवून उठवते, धुतलेला शर्ट हातात देते, बसला बसवते. ते गंगाखेडला उतरतात, शाळेच्या फाटकापर्यंत जातात आणि परत फिरतात. पुढं कुठं जातात ते तुला माहीत आहे. लिंग परत खिळ्यावर आहे. आई आता पडदा ओढत नाही.

फ्लेक्स मी त्याच रात्री स्वतः उतरवला. त्याची घडी होईना इतका मोठा होता.

शेजारणीला माझ्याकडून एवढं सांग, चूक माझी आहे, त्या खोलीची नाही. तिथं अजूनही कुणी आडनाव विचारत नाही. तिच्या नवऱ्याला एकदा तरी जाऊ दे.

मामांना पथ्य सांभाळायला सांग. काविळीत तेल-तूप वर्ज्य.

ऋतुजा


वालूर
२८ जुलै

चि. ऋतुजास आशीर्वाद.

तुमी सगळे मामांच्या मातीला येऊन गेलात, तवा गर्दीत बोलता आलं न्हाई. आता अंगणात कुणी न्हाई. लिहिते.

शेजारीण न्हाई गं कुणी. आमच्या एका बाजूला पिठाची गिरणी हाय अन् दुसऱ्या बाजूला गुरांचा गोठा. तू लहानपणी दोन उन्हाळे राहून गेलीस, तरी तुझ्या ध्यानात कसं आलं न्हाई?

तुझे मामा वीस वर्षं पीत होते. काविळीनं गेले असं समद्यांना सांगितलं, तुला बी. डॉक्टरनं वेगळं सांगितलं होतं. शिवाला ठावं होतं. दोघं मिळून प्यायचे, तो हिकडं आला की. दुकानाच्या मागच्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यावर बसून. म्हणून तर शिवानं स्वतः, ते दुकानात एकटे असताना फोन करून बोलावलं होतं त्यांना, ‘दाजी, या, हितं कुणी काही विचारत न्हाई.’ तेव्हा तयार झाले. चार मेसाठी पांढरा सदरा मी स्वतः इस्त्री केला. सासूबाईंना सांगितलं, माल बघायला चाललेत.

अन् एक तारखेला सकाळी तुझा फोटो आला. मीच उड्या मारत गेले, म्हणलं, बघा, शिवा स्टेजवर! त्यांनी फोन हातात धरला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. खालची ओळ वाचली. मग फोन पालथा ठेवला अन् म्हणाले, ‘मरू दे मला घरात. फ्लेक्सवर न्हाई मरायचं.’

पुन्हा त्यांनी नाव काढू दिलं न्हाई. दोन महिने आठ दिवस.

तुला दोष द्यायला लिहीत न्हाई. ‘नक्की कर’ असं मीच लिहिलं होतं, ते पत्र तुझ्याकडं असंल. अन् मी जर पहिल्याच पत्रात खरं लिहिलं असतं, की माझा नवरा हाय, तर तू तो फ्लेक्स लावायच्या आधी एकदा थांबली असतीस. मला माहेरी खाली मान घालायची नव्हती. तुझ्या आईपुढं. एका घरात बहीण अन् भाऊ दोघांचं एकच दुखणं, अन् मी तुला म्हणत होते, झाकली मूठ.

त्यांना बसवून माती देताना तळहातावर लिंग ठेवलं. मामांनी त्ये कधी काढलं नव्हतं बघ गळ्यातून. पिताना बी न्हाई. शिवा तेच बघत उभा होता. त्याच्या तोंडाला वास होता, पण रडत होता तो खरा.

मला आता रडू येत न्हाई. सकाळी अजून दोन कप चहा टाकते. कुणाशी बोलावं कळंना. त्या खोलीत बायकांना घेतेत का गं? हे माझंच विचारणं हाय, शेजारणीचं न्हाई.

तुझी
त्रिवेणीआत्या


राणीसावरगाव
२५ ऑगस्ट २०२५

माझ्या आत्यास शरणार्थ.

तुझं पत्र वाचून मी तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. माझ्या ध्यानात का आलं नाही, याचं कारण मला सापडलं आहे. मी तुझी पत्रं वाचतच नव्हते. मी माझी बातमी सांगायला पुढचं पत्र लिहीत होते. मामांचे पाय सुजले, हात कापतात, कातर दुसऱ्याला देतात, सगळं तू लिहिलं होतंस. मी उत्तरात तुला बसच्या वेळा कळवल्या.

माफी मागणार नाही. ती देण्याचं ओझं तुझ्यावर नको.

आधी मुंजाजीकाकांकडं गेले. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा, ते चाकाखाली निजून काहीतरी ठोकत होते. मी नाव सांगितलं. बाहेर आले, हात पुसले, म्हणाले, ‘बापाचा येवढा मोठा फोटो टाकला, माझा एक बारका तरी टाकायचा होता.’ मला हसावं की रडावं कळेना. पाणी घेऊन राजेश्री आली. माझ्याच वयाची. तिनं विचारलं, ‘ताई, तुमचं शिक्षण?’ मी म्हणाले, ‘बी.ए.’ ती म्हणाली, ‘बरंय,’ आणि आत गेली. परत बाहेर आली नाही.

काका म्हणाले, ‘सोयरीक मोडली ती बरी झाली, असं मी म्हणणार न्हाई. बरं न्हाई झालं. पोरगी रातभर रडती. पर मी प्यालो न्हाई. तेवढंच माझ्या हातात होतं.’

मी विचारलं, ‘अप्पांना परत कसं आणू?’

‘आणू नको.’

‘म्हणजे?’

‘तुझा बाप फाटकापर्यंत येतो, मी खिडकीतून बघतो की. दर रविवारी. फाटकाच्या आत त्याला तू ढकलू शकत न्हाईस, मी बी न्हाई. खुर्ची रिकामी ठेवलीय. त्याला म्हणावं, मुंजाजी रागात न्हाई. येवढा निरोप दे अन् गप बस.’ मग म्हणाले, ‘बाजूच्या खोलीत घरच्या बायका बसतेत. बायका, आया, बहिणी. तुझ्या मायला घेऊन ये. तू बी ये. पायरीवर बसून लय झालं.’

निरोप मी अप्पांना दिला. त्यांनी ऐकला.

आत्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता मला माहीत आहे, म्हणून आधी ते लिहिते. बायकांना घेतात. ज्यांचा माणूस पितो त्यांनाही, सोडलेल्याच्या घरच्यांनाही, आणि ज्यांचा माणूस गेला त्यांनाही. मी हे पाहून सांगते आहे. काल आम्ही दोघी गेलो होतो. सात बायका, जमिनीवर सतरंजी. पाळी आली तेव्हा आई म्हणाली, ‘सिद्धम्मा.’ आत्या, मी आईच्या तोंडून तिचं नाव कधी ऐकलं नव्हतं. ती नेहमी ‘ऋतूची आई’ म्हणूनच ओळख देते. नंतर तिनं काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. माझी पाळी आली. मी घरून भाषण तयार करून नेलं होतं. ते म्हटलं नाही. ‘ऋतुजा’ एवढंच म्हणाले. शेजारच्या बाईनं माझ्याकडं सरकवलेला चहा गार झाला होता, तो मी प्याले.

तू ये. आदल्या दिवशी इथं मुक्कामाला ये, आपण तिघी जाऊ. तुझ्या सासूबाईंना खरं सांगायचं की खोटं, ते तू ठरव. मी त्यात सल्ला देणार नाही.

आता एक राहिलं. काल तिथं जाण्याआधी मी काय केलं ते.

जानेवारीपासूनचं कॅलेंडर अजून दुकानाच्या भिंतीवर होतं, शंभर गोल आणि वर आणखी चार. ते मी काढून ठेवलं. अप्पा ओसरीत भिंतीकडं तोंड करून निजले होते. अडीच वाजले. पावणेतीन. मी त्यांचा शर्ट धुतला होता, पण हातात दिला नाही, दोरीवरच राहू दिला. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. आई दारात चप्पल घालून उभी होती आणि माझ्याकडं बघत होती, मी आता त्यांना हाक मारते की काय म्हणून.

ते जागे होते. श्वासावरून मला कळत होतं.

मी त्यांना उठवलं नाही. आईचा हात धरला आणि तीनची बस गाठली.

तुझी
ऋतुजा